काळा गोंडा

नातीला दृष्ट लागू नये म्हणून देवकीआजीने लोकरीच्या टोपड्याला लावलेला काळा गोंडा आज पुन्हा उसवलेला होता.

"उद्या मुरबाडला बारसं, नि कोणाचे हात शिवशिवले गो?" विणकाम शिकायला ओटीवर बसलेल्या पोरींवर ती कडाडली.

"आमी नाय उसवला, आजी!" कुणाली रडवेली झाली.

"मंग टोपड्याला दात फुटले?"

रागारागाने तिने सगळ्यांदेखत नवा गोंडा घट्ट शिवला आणि टोपडं मांडीवर ठेवलं. "आता उसवा बघू!"

पोरींचे हात जागच्या जागी होते. काळा गोंडा मात्र धाग्याधाग्याने आत ओढला जाऊ लागला.

आजीने झटकन टोपडं उलटं केलं. आत एकही काळा धागा नव्हता. अजून कुणीच न घातलेलं ते टोपडं नुकतंच कुणाच्या डोक्यावरून काढल्यासारखं ऊबदार होतं.