शरत नाही, शरच्चंद्र

हॉस्पिटलमध्ये पेशंटचं नाव शोधायचा प्रोग्राम नूपुरनेच लिहिला होता. टाइप केलेलं आणि नोंदवलेलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं तरच 'आहे', नाहीतर सरळ 'नाही'. हा काटेकोरपणा बाबांचा. त्यांच्या बालीगंज भागातला पोस्टमन असो की बँकेचा मॅनेजर, "शरत नाही, शरच्चंद्र!" असं ठणकावून नाव दुरुस्त करून घेतल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

आज भाजी आणायला गेलेले बाबा दुपार उलटली तरी परतले नव्हते. फोन उचलत नव्हते. नूपुरने हॉस्पिटलमधल्या आपल्या ऑफिसातूनच तिसऱ्यांदा 'शरच्चंद्र आगाशे' टाइप केलं. पुन्हा 'नाही'.

"इथे नाहीयेत गं आई, घाबरू नकोस," असं फोनवर सांगून तिने स्वतःलाही समजावलं. तरी राहवेना, म्हणून ती इमर्जन्सीत धावली आणि तिथल्या रजिस्टरवरून बोट फिरवू लागली.

सकाळी साडेदहा. शरत आगाशे. नाव सांगणारा: भाजीवाला.

शेजारच्याच खाटेवर बाबा बेशुद्ध पडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाची चूक दुरुस्त केली नव्हती.