एवढ्यात झालं?

नणंदेनं चहाचे दोन कागदी कप आणले आणि एक तिच्यापुढे धरला. तिनं नको म्हणून मान हलवली. नवरा ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, असं सकाळी त्याला आत नेलं तेव्हाच तिनं मनाशी धरलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. पण नणंदेपासून काय लपतं.

"संध्याकाळ होईल म्हणालेत गं. तोवर तूच आडवी झालीस तर मी कुणाकुणाला बघू?" नणंद शेजारच्या खुर्चीत टेकली. "आणि काळजी कसली करतेस? घरी साधा पेला उचलून ठेवायला माझ्या भावाला हात नसतो. आज चार-चार हात लागलेत त्याच्या सेवेला, तेही लोखंडाचे."

तिला हसू आलं. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. यकृतातून पित्त खाली नेणाऱ्या नळीत कॅन्सरची गाठ आहे, ती यंत्राच्या हातांनी काढायची, आणि सर्जन कोपऱ्यात बसून ते हात चालवणार, हे ऐकल्यावर घाबरायचं सोडून तो खूश झाला होता. "म्हणजे आमचाच धंदा की," असं त्यानं सर्जनांना तोंडावर ऐकवलं होतं. डोळे पिवळेजर्द, अंग खाजवून खाजवून ओरखडलेलं, आणि वर हा विनोद. सर्जनही हसले होते. नळी कापायची, यकृताचा तुकडा काढायचा, आतडं वर ओढून जोडायचं. दिवस मोडेल, म्हणाले. गाठ निघाली तर पुढे वर्षं आहेत. नाही निघाली तर काय, हे नवराबायकोपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

तिचे ओठ पुन्हा हलू लागले. नाम घेताना ती दाराकडे बघत नसे. बघितलं की वेळ लांबतो.

"अगं, ते बघ." नणंदेनं कोपरानं ढोसलं.

सर्जन बाहेर आले होते. डोक्यावर हिरवी टोपी तशीच. दाराशी थांबून सिस्टरशी हळू आवाजात काही बोलत होते. अजून कुणाची जेवायचीसुद्धा वेळ झाली नव्हती.

"एवढ्यात झालं?" नणंद उभी राहिली. "मी म्हणत नव्हते? यंत्राला कुठे मध्येच दम खावा लागतो, की चहाला जावं लागतं." बोलता बोलता तिनं फोन लावलाही. "हो, झालं, झालं. डॉक्टर बाहेरसुद्धा आले. सगळ्यांना सांगा." फोन कानाशी तसाच दाबून तिनं कप पुन्हा पुढे केला. "घे. सुटला तो. आता तरी घे."

तिनं कप घेतला, डोळे मिटले, मनातल्या मनात हात जोडले आणि मोठा घोट घेतला.

डोळे उघडले तर सर्जन समोर खुर्ची ओढून बसत होते.

"आम्ही काही काढलेलं नाही," ते म्हणाले. "यंत्र जोडायच्या आधी दुर्बीण घालून आत बघतो. पोटाच्या अस्तरावर सगळीकडे कॅन्सरचे दाणे पसरलेत. यकृतावरही आहेत. इतके बारीक दाणे फोटोत दिसत नाहीत. अशात कापलं असतं तर नुसते हाल झाले असते. म्हणून छिद्रं शिवली आणि थांबलो."

"पण यंत्र?" नणंद म्हणाली. तिच्या फोनमधून कुणीतरी अजून आनंदानं बोलत होतं.

"ते बाजूलाच उभं राहिलं, ताई."

"मग हातानं करा ना. पोट उघडून. आमची काही तक्रार नाही."

"हाताचा प्रश्न नाही," सर्जन म्हणाले. "औषधं देऊ. त्यानं थोडे दिवस मिळतील. त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगाल?"

"मी सांगते," ती म्हणाली. घोट केव्हाच खाली उतरला होता.

वॉर्डात एकालाच सोडत होते. नणंद बाहेर राहिली. ज्यांना ज्यांना 'झालं' म्हणून कळलं होतं, त्यांना तिला आता फोन करायचे होते.

तो जागा होता. सदरा वर करून पोटावरच्या चिकटपट्ट्या चाचपत होता.

"अगं, दुखतसुद्धा नाही. एवढ्याशा तर पट्ट्या. चालवणारा शांत असला ना, की माल कुठे आपटत नाही."

"अहो."

"सिस्टर म्हणाली, उद्यापरवा घरी."

"अहो, ऐका ना जरा."

"हळू बोल." त्यानं डोळ्यांनीच शेजारची खाट दाखवली. तिथल्या माणसाच्या नाकात नळी होती, पोटाच्या दोन्ही अंगांनी नळ्या निघून खाली पिशव्यांत गेल्या होत्या. श्वास घेतला की तो कण्हायचा. बायको ओल्या कापसानं त्याचे ओठ पुसत होती. "त्यांचंही हेच दुखणं. परवा दिवसभर कापत होते म्हणे. गाठ निघाली, पण बघ काय करून ठेवलंय. मला तर त्यांच्यासमोर हसायचीसुद्धा लाज वाटते."

कापूस हातात तसाच धरून त्या बाईनं वर पाहिलं. "तुमचे किती लवकर बोलायला लागले," ती म्हणाली. "नशीब लागतं बाई."

पोटावरच्या पट्ट्यांवरून तिनं नवऱ्याचा सदरा हळूच खाली ओढला. आणि शेजारच्या खाटेखाली लोंबणाऱ्या त्या नळ्यांकडे, लालसर पाण्यानं अर्ध्या भरलेल्या पिशव्यांकडे, दुसऱ्याच्या भरल्या घराकडे बघावं तशी बघत राहिली.