बांधावरचा वेल

कर्टुल्याचा तो वेल बांधावर नुसता फुलायचा, फळ काही कधी धरायचा नाही. त्याच्याशेजारी बसून ग्यानोबा गावभरच्या गोष्टी सांगत राहायचा, अन् खुरपं चालायचं ते त्याच्या बायकोचं, केवळाबाईचं.

ग्यानोबा वारला त्या साली तिनं तो वेल कंदासकट उपटून टाकला. लातूरच्या लॅबमधून बाटलीत वाढवलेली कर्टुल्याची वीस रोपं आणून लावली. आता शेतात दिवसभर नुसता खुरप्याचाच आवाज.

रोपं मांडवभर पसरली, फुलांनी लगडली. पण फुलाखालचं इवलं कर्टुलं दोन दिवसांत पिवळं पडायचं अन् गळायचं. शेवटी लॅबमधली साक्षी बघायला आली.

"मावशी, ही समदी मादी रोपं हायत. फळ ह्यांनाच येतं, पण जवळ एक तरी नर वेल लागतोच. रोपं मागवताना तुम्हीच म्हणालात, बांधावर नुसता फुलणारा वेल हाय, म्हणून तर आम्ही नर दिला न्हाई. कुठं गेला तो?"

केवळाबाई रिकाम्या बांधाकडं बघत राहिली.



"त्या वेलाला अन् आमच्या मालकाला, दोघांनाबी जल्मभर एकच इचारलं म्या... उपेग काय तुमचा?"