डावं मडगार्ड

एर्सिलियाबाईंच्या पत्राला आर्तेमियोने तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. ‘उस्ताद, तुम्ही घडवलेल्या माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डमधून रोज सकाळी ठोकण्याचा आवाज येतो. कापून बघू का?’ एवढंच त्यात होतं.

जगात तशी एकच गाडी होती. पंचावन्न साली इटलीतल्या मोदेनात, आपल्या गावी, त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून ती घडवली होती. प्रदर्शनाच्या घाईत डावं मडगार्ड मात्र मनासारखं उतरलं नव्हतं. ती लाज कागदावर कशी कबूल करायची?

यंदा बाई गाडी घेऊन थेट मोदेनाच्या चौकात आल्या आणि त्यांनी त्याला गाठलं. “दोन ओळी लिहायला हात दुखतात वाटतं, उस्ताद? आता तरी सांगा, कापू की नको?”

तो ओशाळला. पत्रा जोखायचा तो डोळे मिटून, तळहाताने. त्यांच्या धंद्याची रीतच ती. त्याने मडगार्डवरून हात फिरवला. कुठेही उंचवटा लागला नाही. इतकं सफाईदार काम त्याने जन्मात केलं नव्हतं.

“कोणाकडून नीट करून घेतलंत?”

“तुमच्याशिवाय कोणाला हात लावू देईन होय!”

त्याने आतून चाचपलं. दोन हलके घाव, एक भारी. खुणा त्याच्याच हाताच्या होत्या, आणि पत्रा नुकताच ठोकल्यासारखा कोमट होता. तेवढ्यात टक, टक, ठण असं वाजलं, आणि त्याच्या तळव्याखाली नवी खूण उमटली.

त्याने हात बाहेर काढला. तो तसाच घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंच्या नावाचं कार्ड टपालपेटीत टाकलं: ‘कापू नका. काम माझंच आहे. अजून चालू आहे.’