प्रभूमार्फत

“हे प्रभू, कुणाच्या शेवग्याचा पाला कुणाच्या अंगणात पडतो, ते तू वरून बघतोसच,” मार्थाबाईंनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

पलीकडच्या बाकावरून त्यांच्या धाकट्या जाऊ करुणाबाई लगेच उठल्या. “हे दयाळू पित्या, त्याच शेवग्याच्या शेंगा भिंतीवरून कोण तोडतं, तेही तुला दिसतंच.”

अंगणात भिंत घातल्यापासून चार वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोलायच्या त्या देवाशी, दर बुधवारी, माझ्या प्रार्थनासभेत. पाळक म्हणून मी ‘आमेन’ म्हणायचो, पण जपून. जिच्या प्रार्थनेला माझं आमेन मोठं व्हायचं, तिच्या जावेकडून नाताळचा फराळ यायचा नाही.

पुढच्या बुधवारी मार्थाबाई काठी टेकत आल्या. शेवग्याचं नावच नाही. “प्रभू, सोमवारी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मुलगा दुबईला. मला फार भीती वाटते रे.”

करुणाबाई उठल्या. भांडण टाळायला मी घाईनं आमेन म्हणायला तोंड उघडलं.

“पित्या,” त्या डोळे घट्ट मिटून म्हणाल्या, “जाऊबाईंना सांग, दवाखान्यात त्यांच्यापाशी मी राहीन. शेंगांची आमटी पण आणीन.”

मार्थाबाईंनी नाक पुसलं. “प्रभू, तिला सांग, गूळ कमी घाल. मागच्या खेपेला, भिंतीच्या आधी, फार गोड झाली होती.”

करुणाबाईंनी खाडकन डोळे उघडले. “अहो जाऊबाई, ते देवाला काय सांगता? आमटी मी करणारेय!”