बंद करू नये

"सर, पेपर पाठवू नका. आपलं औषध कॅन्सरच्या पेशींना मारत नाही."

सर हसले. "अगं केतकी, तीन वर्षं त्या मायक्रोस्कोपखाली मरताना तूच पाहिल्यास ना?"

"म्हणूनच सांगतेय." मी दोन डिश पुढे केल्या. पेशी त्याच, औषधही तेवढंच. पहिली काल दिवसभर मायक्रोस्कोपच्या जुन्या दिव्याखाली होती. तो एकदा विझवला की पुन्हा पेटायला अर्धा तास घेतो, म्हणून बटणावर सरांच्याच अक्षरात चिठ्ठी होती, 'बंद करू नये'. दुसरी डिश नव्या फ्लॅश लॅम्पखाली होती. हा फोटोपुरता लखकन चमकतो, मधे नुसता अंधार.

पहिल्या डिशमध्ये सगळ्या पेशी मेल्या होत्या. दुसरी पाहताना मात्र सरांची मान वर होईना. तिथे एकीच्या दोन, दोघींच्या चार होत होत्या.

"आणि औषध न घालता?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"जुन्या दिव्याखाली तशाही मेल्या. आपण बघत बसलो म्हणून मेल्या, सर."

सरांनी चिठ्ठी फाडली, दिवा बंद केला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"बस. पहिल्यापासून करू."