वाजणारे ब्रेक

"आवाज गेला तर चालणार नाही," हर्षा म्हणाली.

गोकुळदासने हातातली ब्रेकची डिस्क खाली ठेवली. पेडण्याच्या बाजारापासून जरा पुढे, रस्त्याला लागूनच त्याचं गॅरेज. ब्रेकचा आवाज घालवा म्हणणारी माणसं तो बत्तीस वर्षं पाहत आला होता. ठेवा म्हणणारी ही पहिलीच.

"आवाज जावचो म्हणून लोक माझ्याकडे येतत, बाय. तुका तो कित्याक व्हयो?"

"घरात ऐकू जातो."

"मग हॉर्न मार."

"हॉर्न सगळेच मारतात, मामा."

गोकुळदासने काढलेल्या डिस्कवरून नख ओढलं. ते खाचेत अडकलं. पॅड तर लोखंडापर्यंत झिजलेले. हे चार महिन्यांपूर्वीच बदलायला हवे होते, असं तो म्हणाला. तिने मान हलवली.

"परवा उतारावर गाडी थांबली नाही. पुढे शाळेची दोन मुलं होती. वीतभर अंतर राहिलं होतं." पर्सचा पट्टा तिने बोटांना गुंडाळला होता. "नाहीतर आलेच नसते."

त्याने फळीवरून दोन खोकी काढली.

"हे पॅड मऊ. नव्या डिस्कवर मांजरासारखे चालतले. आणि हे कडक. गाडी थांबयतले, पण रडतले. गिऱ्हाइकं परत आणून देतत, म्हणून पडून आसत."

"हेच घाला," तिने कडक पॅडांवर बोट ठेवलं. "पण सातच्या आत. रोज सातला गाडी घरी लागते."

"चालवता कोण?"

"आमचे हे. गौरेश. गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे."

"मग आज ते कशान येतले?"

"येतील," ती म्हणाली, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

दुसरं चाक उचलायला गाडीतला जॅकचा दांडा शोधत गोकुळदासने चालकाच्या सीटखाली हात घातला. दांड्याआधी हाताला चपला लागल्या. पुरुषाच्या, दहा नंबरच्या, टाचेला झिजलेल्या. त्याने त्या होत्या तशा ठेवल्या आणि सीट सरकते त्या लोखंडी पट्टीकडे पाहिलं.

सीट पार पुढे ओढलेली होती. आज बाईने गाडी आणली, तिने ओढली असेल. पण पट्टीच्या मागच्या भागावर धुळीचा जाड थर बसला होता, त्यावर कोळ्याचं जाळं. ही सीट कित्येक महिन्यांत मागे सरकलेलीच नव्हती.

म्हणजे रोज चालवणारा माणूस बुटका. आणि बुटक्या माणसाचा पाय दहा नंबरचा नसतो.

बत्तीस वर्षं गाड्यांवरून माणसं ओळखणाऱ्या गोकुळदासला आता हिशेब लागला. नवरा वळणावर आला की ब्रेक रडणार. घरातला दुसरा, उंच माणूस मागच्या दाराने निघून जाणार. आज गाडी बाईच्या हातात, नवरा कुठेतरी लांब. म्हणजे तो उंच माणूस खुशाल आत बसलेला असणार.

आपल्या हातचं काम असल्या भानगडीला लागावं, हे त्याला पटेना. त्या बुटक्याला एकदा तरी न वाजता घरी पोचू दे.

त्याने कडक पॅड पुन्हा फळीवर टाकले आणि मऊ बसवले. जुने पॅड मात्र रिवाजाप्रमाणे खोक्यात घालून तिला दिले. खोकं कडक पॅडांचं.

अंगणातच तिने दोनदा ब्रेक मारून पाहिला. गाडी मुकाट थांबली.

"वाजत नाहीत."

"नवे आसत. तापले काय वाजतले. चल, मी येतंय बाजूक. पहिले पंधरा किलोमीटर माका बघूक व्हये. परत येवक बस-रिक्षा काय तरी मेळात."

साडेसहा झाले होते. ती घासाघीस न करता बसली.

चांदेल मागे पडलं. प्रत्येक वळणावर ती गरजेपेक्षा जोरात ब्रेक दाबत होती. गाडी दर वेळी लोण्यातून गेल्यासारखी थांबे. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

"मामा, खरं सांगा. कुठले घातलेत?"

"खोकां तुझ्या मांडयेर आसा मगे."

तिने खोक्याकडे पाहिलं नाही. "एक दिवस नाही वाजले तरी चालणार नाही," ती म्हणाली. "एकच दिवस."

"इतको भय कोणाचो, बाय?"

इब्रामपूरचं वळण आलं. तिने ब्रेक करकचून दाबला. टायरखालची बारीक खडी तेवढी सरकली.

घर रस्त्याला लागूनच होतं. गाडी फाटकाशी थांबली तेव्हा सातला दोन मिनिटं होती. गोकुळदासने दार उघडलं, एक पाय खाली ठेवला आणि घराच्या मागच्या बाजूवर नजर लावली. आता कोणी उंच माणूस निघेल तर परसातूनच निघेल.

परसात कोणी हललं नाही.

पुढच्या सोप्यावर एक म्हातारी बसली होती. शेजारी चहाचा पेला, वर बशी झाकलेली. गाडीच्या दिव्यांचा झोत थेट तिच्या तोंडावर पडला होता, आणि तिच्या पापण्या लवत नव्हत्या.

"कोण तां?" तिने मान वाकडी करून कान रस्त्याकडे केला. "कोणाची गाडी ही?"

गोकुळदासने दुसरा पायही खाली ठेवला.

"आमच्या गौरेशाची न्हय. त्येची वळणावर वाजता." म्हातारी घराच्या दाराकडे वळून हाक मारू लागली. "हर्षा, गो हर्षा, भायर ये बघया. कोण तरी आयलां. गौरेश आज अजून कसो येवक नाय? बोलत नाय तो आपल्या आयशीकडे, पण चपला घासत सातांक घरात येता मगे?"

गोकुळदासने वळून गाडीत पाहिलं.

हर्षाच्या पायांत आता सीटखालच्या त्या दहा नंबरच्या चपला होत्या.